पाइपाखालचे राज्य

तेलात विझणाऱ्या पोलादाचा वास मला अजूनही आधी स्वयंपाकघराचाच वाटतो. कढई तापून धुरावली आहे आणि कुणीतरी वडे सोडायचे विसरून दाराशी बोलत उभे राहिले आहे, तसा. मग त्याच्या मागोमाग दुसरा वास येतो, कडसर, धातूचा, जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा. आणि तेव्हा ध्यानात येते की आपण घरात नाही, भांडुपच्या त्या पत्र्याच्या गाळ्यात आहोत, आणि लालभडक पाते तेलात उतरत असताना माझी नणंद श्वास रोखून उभी आहे. पाते तेलात शिरताना रागावलेल्या माणसाच्या लांब उसाशासारखा आवाज येतो. लोहारकामात याला पोलादाला पाणी देणे म्हणतात, बुडवले तेलात तरीही. मला हा शब्दप्रयोग फार आवडे. मी तसे बोलून दाखवले की ती म्हणे, "आवडू दे गं, पण जरा मागे सर. ओढणी पेटेल."

नणंद म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. अंधेरीच्या एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढता काढता एक दिवस तिने ती नोकरी सोडली आणि भांडुपच्या औद्योगिक वसाहतीत अर्धा गाळा घेऊन हाताने सुऱ्या घडवू लागली. ट्रकच्या जुन्या कमानींतले पोलादी पाटे ती भंगारातून आणी, तापवी, ठोकी, घाशी. मी त्याच अंधेरीत जाहिरातींची वाक्ये लिहिते. त्याआधी कवितेचा अभ्यास केला, काही काळ ती शिकवलीही. त्यातून अंगाला काही चिकटले असेल तर एक खोड: समोरची वस्तू आहे तशी राहू द्यायची नाही. वाक्यांत ती खोड चालेनाशी झाली तेव्हा मी ती कॅमेऱ्यात घातली. नणंदेच्या सुऱ्यांचे फोटो मी उघड्यावर काढू लागले, वडाच्या पारंब्यांत, खडकांच्या खाचांत, धुरात. जणू त्या सुऱ्या कुठल्याशा राक्षसाच्या राज्यातून सात अरण्ये ओलांडून इथे येऊन पडल्या आहेत.

घाटकोपरच्या घरात आम्ही तिघी असतो. नवरा बोटीवर, वर्षातला बराच काळ दूर. घरी मी, नणंद आणि सासूबाई. सासूबाई मालवण भागातल्या. सासरे गिरणीत होते तेव्हा, आणि गिरणी बंद पडल्यावरही पुष्कळ वर्षे, त्यांचे बिऱ्हाड भांडुपच्या टेकडीवर होते, घाटकोपर नंतरचे. बोलणे मात्र अजून गावचेच. त्यांचा एक नियम घरात सर्वांच्या अंगवळणी पडला आहे: धारेची वस्तू या हातातून त्या हातात द्यायची नाही. दिली की त्या दोघांत भांडण होते. सुरी, कात्री, अगदी सुईसुद्धा आधी खाली ठेवायची. घेणाऱ्याने ती खालून उचलायची. भांडण जमिनीत जिरते, अशी काहीशी कल्पना असावी. "नणंद-भावजय म्हटल्यार आधीच काय कमी आसा?" असे त्या वर हसून म्हणत.

आईच्या बाकी साऱ्या समजुतींची टिंगल करणारी नणंद हा एक नियम गाळ्यातही पाळी. फोटोसाठी सुरी द्यायची झाली की ती ऐरणीवर ठेवी, हात मागे घेई, आणि मग मी उचली. रानात असलो तर मातीवर. आमच्या कामाचा तोच ठेका झाला होता. ठेवणे, थांबणे, उचलणे.

त्या उन्हाळ्यात गाळ्याची इमारत पाडायचे ठरले. दुसरा गाळा मिळाला तरी तिथे भट्टी पेटवू देतील याची खात्री नव्हती. भट्टी हा शब्द ऐकूनच बहुतेक जण मान हलवीत. नणंद पुन्हा कचेरीत जाईल, असे घरात कुणी म्हणत नव्हते आणि सगळ्यांना दिसत होते. त्याच सुमारास दुसऱ्या राज्यातल्या एका कार्यशाळेने हाताने पाती घडवणाऱ्यांना बोलावणे पाठवले. निवड होणाऱ्याला वर्षभर तिथली भट्टी, ऐरण आणि राहायला खोली. अट अशी: जो मुलूख कुठेच नाही, तिथली एक सुरी घडवा, आणि उघड्यावर, असेल त्या उजेडात काढलेला तिचा एकच फोटो पाठवा. निवड फोटोवरून. म्हणजे तिची आग राहणार की विझणार, हे माझ्या एका चौकटीवर येऊन ठेपले होते. तिने ते कधी बोलून दाखवले नाही. मी मात्र झोपेतही उजेड शोधू लागले.

सुरी तिने जीव ओतून केली. पाते वाऱ्याने मुडपलेल्या पानासारखे, टोकाशी किंचित वर वळलेले. मूठ फणसाच्या लाकडाची, गावच्या घरामागे पडलेल्या फणसाची, हळदीच्या रंगाची. काचकागदाने घासून घासून पात्यावर तिने एक मंद झळाळी आणली होती. आरशासारखी नाही, पहाटेच्या खाडीच्या पाण्यासारखी. त्या झळाळीत कित्येक संध्याकाळी मुरल्या होत्या.

मुलूख शोधायचे काम माझे. आणि तो मे महिना होता. मुलुंडच्या मागची टेकडी सोललेल्या सुपारीसारखी उघडी पडली होती. बोरिवलीच्या जंगलाच्या कडेने मी भर उन्हात हिंडले, तर पायाखाली पाने पापडासारखी मोडत होती आणि झाडांच्या सावल्यांना जाडीच उरली नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे ओल होती, शेवाळ, धुके, कुणाचे तरी पाऊल नुकतेच उमटून पुसले गेल्यासारखी जमीन. आणि भोवती होती ती धूळ, पिवळे गवत, वेफर्सची चुरगळलेली पाकिटे. एका जागी पोहोचले की दुसरी बरी होती असे वाटे. दुसऱ्या जागी पोहोचेपर्यंत उजेड बदललेला असे. सुरी घेऊन मेट्रोत जाण्याचा प्रश्नच नव्हता, तपासणीच्या यंत्रावर काय उत्तर देणार, म्हणून रिक्षा. नणंद जुन्या टॉवेलात गुंडाळलेली ती सुरी मांडीवर तान्ह्या मुलासारखी धरून बसे आणि मी खिडकी नसलेल्या त्या खिडकीतून सतत बाहेर पाहात "इथे थांबवू का? की पुढे?" असे विचारत राही.

"वहिनी, तू एकदा तरी हो म्हण ना कुठल्यातरी जागेला," ती म्हणाली. "त्या रिक्षावाल्याला वाटतंय आपण प्लॉट बघतोय."

मुलुंडच्या टेकडीवर एका सकाळी धुपाटण्यात नारळाची सोडणे पेटवून मी धुके करायला बसले. धूर माझ्याच डोळ्यांत गेला. फिरायला आलेले एक आजोबा काठी टेकून थांबले.

"सिरियल का?"

"नाही, फोटो."

"कशाचा?"

"सुरीचा."

त्यांनी वाकून पाहिले. धुपाटणे, काळे कापड, वडाच्या मुळीवर आडवी झालेली सुरी, आणि उजेड परतवण्यासाठी मी उभी धरलेली जेवणाची थाळी. "एवढं लांब कशाला आलात? घरी ओट्यावर काढायचा ना."

"ओट्यावर जागा नाही, काका," नणंद म्हणाली. "आईने पापड वाळत घातलेत."

ते गेल्यावर तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो पाहिला. मग म्हणाली, "हे धुकं नाही गं. ही आरती वाटतेय." मी तो पुसला. फोटो पुसताना यंत्र कसलाही आवाज करत नाही, याचा त्या दिवसांत मला राग येत असे. कागद निदान फाटतो.

शेवटच्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी फोटो पाठवायचा त्याच दिवशी सकाळी, नणंदच म्हणाली, "भांडुपला चल. पाइपवर."

पाण्याची मोठी पाइपलाइन टेकडीच्या पायथ्याने जाते, पलीकडे एकाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला तरी अलीकडून दिसणार नाही एवढी जाड. तिच्या एका सांध्यातून पाणी झिरपत होते. कधीपासून कोण जाणे. त्या झिरपण्याखाली, सगळी टेकडी करपलेली असताना, ओंजळीएवढे रान उगवले होते. नेच्याची कोवळी, आतल्या आत वळलेली पाने. काळ्या दगडावर इतके दाट शेवाळ की बोट टेकले तर ते श्वास घेते आहे असे वाटावे. वरून संथ, विचार करत पडणारे थेंब. वास थंड होता. माठाच्या बुडाखालच्या वाळूचा असतो तसा. इतके दिवस पाय भाजत हिंडल्यावर तो वास मी छातीभर ओढून घेतला. मी नणंदेकडे पाहिले. ती दुसरीकडे पाहात होती.

त्या सकाळी सासूबाईही आमच्याबरोबर आल्या होत्या. "दोघीच रानात जातास, थय कोण आसा तुमका?" म्हणून. पाइपलाइनच्या सिमेंटच्या टेकूवर त्यांनी बसकण मारली आणि पिशवीतून डबा काढला. डब्यात तिखटमीठ. दुसऱ्या पुडीत कैऱ्या.

नणंदेने सुरी शेवाळावर ठेवली, हात मागे घेतला. मी उचलली, पुसली, नेच्यांमध्ये पुन्हा मांडली. आणि माझी तगमग सुरू झाली. थोडी डावीकडे. नको, मूठ आत. ऊन पाइपवरून घसरून पात्यावर आले की फट्ट पांढरे होई. सावलीत घेतले की पाते मरून जाई. थेंब पडावा तर तो नेमका मी बटण दाबल्यानंतर पडे. मला अजूनही धूर हवा होता. नणंदेला नको होता. शेवटी ती चिडून, "बरं, आणते तुझं धुपाटणं," म्हणत रिक्षात ठेवलेले सामान आणायला रस्त्याकडे उतरली. मी लेन्स बदलायला पाठ वळवली.

वळले तेव्हा समोर जे होते ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. सासूबाई त्या टेकूवर बसलेल्या, निळ्या सुती लुगड्यात, मागे तो काळा अजस्र पाइप आणि हिरवे ओले झिरपणे. आणि त्यांच्या हातात ती सुरी, कुठेच नसलेल्या मुलखातली, पानासारखी वळलेली, आणि त्या सुरीने त्या कैरी कापत होत्या. अंगठ्याने फोड अडवून, आपल्याकडे पाते ओढत, जशी त्यांनी जन्मभर कापली तशी. कैरीचा पांढरा गर पात्यावरून सरकत होता. वरून एक थेंब त्यांच्या मनगटावर पडला, बांगडीवर थांबला. मी विचार केला नाही. बटण दाबले, पुन्हा दाबले.

नणंद परत आली तोवर सुरी पदराने पुसून शेवाळावर जिथल्या तिथे ठेवलेली होती. नणंदेनेच प्रथम पाहिले. पात्याच्या पोटावर, धारेच्या वर, चंद्रकोरीसारखा एक करडा-निळा डाग.

"आई, काय कापलंस?"

"कैरी. सुरी तुमी हाडलास म्हणान मी येगळी घेवक नाय."

"हिच्याने?"

"सुरीच ना ती? मगे कैरी कापलंय तर काय झाला? पदरान पुसलंय की."

मला तोवर ठाऊक नव्हते की कैरीचा आंबट चीक त्या जातीच्या पोलादाला चावतो आणि ती खूण पुसून जात नाही; काढायची तर सगळी झळाळी पुन्हा पहिल्यापासून घासून आणावी लागते. नणंदेने धुपाटणे खाली ठेवले. सुरी टॉवेलात गुंडाळली आणि म्हणाली, "चला घरी." रिक्षात तिघी एका ओळीत बसलो. मधे सासूबाई, त्यांच्या हातात डबा, डब्यात कापलेल्या फोडी. कुणीही फोड घेतली नाही.

दुपारी घरात पंख्याखाली मी तो फोटो फोनवर घेऊन मोठा करून पाहिला आणि तशीच उठले. मी तो नणंदेपुढे ठेवला. "हा पाठवू. बघ तरी. यात सगळं आहे." मग मी बोलत सुटले. धुके, शेवाळ, ही सारी उसनी स्वप्ने होती, खरे ते हेच, आईचा हात, कैरी, ही खरी सुरी. असे काहीबाही, आणि फार चांगल्या शब्दांत. शब्द मला येतात.

ती ऐकत होती. मग तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"फोटो झकास आहे, वहिनी. घरात लाव."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही पाठवायचा. बाई आणि सुरी म्हटलं की लोकांना भाजीच दिसते. तुलापण तेच दिसलं ना शेवटी?"

"भाजीचा काय संबंध? किती खरं आहे ते, तुला कळत कसं नाही."

"खरं असेल. मला खरं नकोय. त्यांनी काय सांगितलंय, कुठेच नसलेला मुलूख. आपलं स्वयंपाकघर कुठेतरी आहे ना? मी रोज जेवते तिथे." तिचा आवाज चढला नव्हता, त्यानेच मला अधिक टोचले. "मी ट्रकची कमान ठोकून हे केलंय. हे कशासाठीच नाहीये. चिरायला नाही, कापायला नाही. म्हणून तर केलं."

"मग इतके दिवस माझ्या धुक्याला हसत होतीस ते?"

"तुझं धुकं खोटं होतं. माझं नाही." ती थांबली. मग आई होती त्या स्वयंपाकघराकडे न पाहता म्हणाली, "तो पाइप गळतो ना, तिथे माझं राज्य होतं. टेकडीवर राहायचो तेव्हा. शाळेतून आलं की मी तिथे. घरात दहा माणसं, आणि तिथे मी एकटी राणी. नेच्याची पानं सैनिक. खराटा मोडून तलवार केली होती. कुणाला माहीत नाही. तुला जागा मिळेना म्हणून आज नेलं तुला, तर तू तिथेही कैरीचा फोटो काढलास."

यावर मी काही कठोर बोलले. ते इथे लिहिण्याजोगे नाही, पण त्यात 'कृतघ्न' हा शब्द होता, आणि तिच्या उत्तरात 'जाहिरातवाली' हा होता. घर एवढेसे असते की दोघी रागावून दोन खोल्यांत गेलो तरी एकमेकींचे श्वास ऐकू येत होते. फोटो संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. मी उठत होते, बसत होते, खिडकीच्या पडद्याची कड सरळ करत होते, पुन्हा वाकडी करत होते. बाहेर कुठेतरी ड्रिलिंग चालले होते, मधेच थांबे, आणि ते थांबले की शांततेला दात फुटल्यासारखे वाटे. मला तो फोटो हवा होता. तिची निवड व्हावी म्हणून की तो माझा होता म्हणून, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर यायच्या आत पुन्हा पडद्याकडे गेले.

सासूबाई सगळा वेळ स्वयंपाकघरात होत्या. भांड्यांचा आवाजही येत नव्हता. मग त्यांच्या चपलेविना पावलांचा आवाज आला. त्यांनी उरलेल्या कैऱ्या ताटलीत आणून लेकीपुढे ठेवल्या.

"तुज्या पिवळ्या फ्राकार काजीचो चीक पडललो, आठवता?"

नणंदेने वर पाहिले नाही.

"धुवान धुवान गेलो नाय. मगे मी सगळो फ्राक चायच्या पाण्यात बुडयलंय. मगे कोणी इचारूक नाय, डाग खय तो."

पंखा फिरत राहिला. मी दारात उभी होते. नणंदेने हळूच टॉवेल सोडला, पाते उजेडात तिरपे धरले, तो करडा-निळा डाग बोटाच्या पेराने चाचपला. "चहात बुडवलेला फ्रॉक मला आवडायचा नाही," ती म्हणाली.

"माका ठावक आसा. घालूचस तरी."

नणंद हसली नाही. पण तिने स्वयंपाकघरातली साधी सुरी मागितली, आणि कैरीच्या पातळ चकत्या करून एकेक पात्यावर मांडू लागली. एक इथे, एक थोडी वर, एकीवर दुसरीची कड. थोडा वेळ ठेवी, उचली, पुसून पाही, पुन्हा मांडी. खोलीत कैरी आणि लोखंड यांचा मिळून एक वास पसरला. नाकात शिरताच दात आंबणारा. पात्यावरची शांत झळाळी हळूहळू गेली. तिच्या जागी ढग आले. राखी, निळे, कडेला किंचित सोनेरी-तपकिरी. कुठे विरळ, कुठे गर्द, मुठीपासून टोकाकडे वाहत गेलेले. मी इतके दिवस धुपाटण्यातून काढू पाहात होते ते धुके पोलादात उतरत होते, आणि त्यात माझा काहीच हात नव्हता. त्याने माझी अस्वस्थता कमी झाली नाही. वाढलीच. आता ते बिघडलेच तर माझ्या एकटीच्या हातून बिघडणार होते.

भांडुपात सूर्य लवकर जातो. डोंगर पश्चिमेला, घाटकोपरच्या गच्च्यांवर ऊन असते तेव्हा तिथे पायथ्याशी निळसर सावली उतरलेली असते. आम्ही दोघी रिक्षातून धावलो. वाटेत एकच बोलणे झाले.

"थाळी घेतलीस?"

"नाही."

"धुपाटणं?"

"नाही."

पाइपाखाली सावली पडली होती, पण वरचे आभाळ अजून उजळ होते, आणि तो उजेड ओल्या पाइपवरून घसरून खाली नेच्यांत साचला होता. नणंदेने सुरी कुठे ठेवायची हे मी या वेळी सांगितले नाही. ती गुडघ्यांवर बसली, दोन पाने बाजूला केली, मागून एक खाच उघडी झाली. त्या खाचेत तिने सुरी मुठीवर उभी तिरपी टेकवली, जशी कुणी पहाऱ्यावरून जाताना भाला भिंतीला टेकवून जाते, परत येणार म्हणून. हात मागे घेतला. मी सुरी उचलली नाही, हलवली नाही. पोटावर आडवी झाले. कुडता भिजला, कोपराखाली खडा टोचत होता, कानाशी डास. थेंब पाइपला लोंबत राहिला. मी श्वास धरला, तिच्यासारखा, पाते तेलात उतरताना ती धरते तसा. थेंब सुटला.

नणंदेने पडद्यावर पाहिले. ढगांचे पाते, त्यावर फुटता फुटता थांबलेले पाणी, मागे हिरवा अंधार. कुणी नाही, आणि नुकतेच कुणीतरी होते.

"हं," ती म्हणाली, आणि नाक पुसले.

दिवेलागणीला घरी येऊन फोटो पाठवला. मग वाट पाहणे सुरू झाले, आणि त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. तिची वाट पाहायची रीत म्हणजे गाळ्यात जाऊन बोथट झालेल्या जुन्या सुऱ्यांना धार लावत बसणे, माझी म्हणजे तोच फोटो उघडून त्यात दोष शोधणे. कैरीचा फोटो मी छापून घेतला. सासूबाईंना दाखवला. "माझो हात एवढो काळो खय आसा?" त्या म्हणाल्या, आणि तो त्यांनी कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवून दिला.

निवड झाली. कळले तेव्हा नणंद गाळ्यातून भट्टीचे सामान हलवत होती. तिने मला फोन केला, मागे वाहनांचे आवाज, "झालं गं," म्हणाली आणि ऐरण उचलायला गेली. सासूबाईंनी बातमी ऐकली, "वर्सभर?" एवढेच विचारले, आणि तांदूळ निवडायला घेतले.

जायच्या दिवशी सकाळी सुरी बांधायची होती. इतर सामान दाराशी उभे. नणंद बाहेरच्या खोलीत खोक्याला चिकटपट्टी लावत होती, पट्टी ओढल्याचा करकर आवाज घरभर. कैरीच्या प्रसंगानंतर सासूबाईंना त्या पोलादाची पुरती धास्ती बसली होती. पाणी लागले तर गंजते, हे ऐकल्यापासून ती सुरी घरात असली की त्या स्वतः तिला खोबरेल तेलाचे बोट लावत, देवापुढच्या समईला लावावे तसे, नेमाने. त्या सकाळीही शेवटचे तेल मीच लावते म्हणाल्या. मी घडी घातलेले सुती फडके घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबले, त्या सुरी ठेवतील आणि मी उचलीन म्हणून.

तेल लावून झाले. त्यांनी ओट्याकडे पाहिले. नुकत्याच डाळी धुतल्या होत्या, ओटा ओला. टेबलावर खोक्याची कात्रणे आणि अर्धा प्यालेला चहा सांडलेला. फरशी त्यांनीच थोड्या वेळापूर्वी पुसलेली, अजून ओलसर. त्या सुरी दोन्ही हातांत धरून तशाच उभ्या राहिल्या, एकदा इकडे, एकदा तिकडे पाहात. मी सवयीने खाली पाहिले, ती कुठे ठेवतील तिथे.

पाहिले तर त्यांनी पाते आपल्याकडे वळवले होते आणि हळदीच्या रंगाची ती मूठ माझ्यापुढे केली होती. माझा हात उठेना.

"धर."